रेवाल, टेंट पेगिंग, एंड्युरन्स: सगळे घोडे एका मैदानात. उडीच्या स्पर्धेचे नियम आणि पंचगिरी

तापीकाठच्या एका गावातल्या स्पर्धेत मी गुणलेखनाच्या टेबलावर बसलो होतो. एका मारवाडी घोड्याने तीन दांड्यांचा अडथळा ओलांडताना मागच्या पायाने मधली दांडी पाडली. वरची दांडी जागेवरून हललीही नव्हती. तरी पंचांनी चार फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण, दिले आणि पहिल्या नंबरावर असलेला घोडा खाली गेला. मालक टेबलापाशी आले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "दादा, वरनी दांडी तं जागावर शे, मंग फॉल्ट काबर?"

त्यांचं बरोबर होतं. एकाच पातळीत एकावर एक दांड्या लावलेल्या असतील, तर मोजायची फक्त सर्वांत वरची. पण नियमाचा कागद पंचांकडे नव्हता आणि मालकाकडेही नव्हता. तासभर वाद झाला आणि तेवढा वेळ घोडा खोगीर कसलेल्या अवस्थेत उन्हात उभा राहिला.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. त्या दिवसांत शहादा, शिरपूर, चोपडा, अमळनेर या पट्ट्यातल्या अनेकांना आपल्या गावीही काहीतरी स्पर्धा घ्यावीशी वाटते. उडीची स्पर्धा घेणं शक्य आहे आणि घ्यावीच. अडचण एकच: येणारे घोडे एका कामाचे नसतात. एक रेवाल चालीचा (एका बाजूचे दोन्ही पाय जोडीने टाकणारा), एक टेंट पेगिंगचा (धावत्या घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उचलायचा खेळ), एक एंड्युरन्सचा (लांब पल्ल्याची शर्यत), एक वरातीत नाचणारा आणि एखादा पुण्याच्या रायडिंग क्लबमध्ये रीतसर उडी शिकलेला. या सगळ्यांना न्याय कसा द्यायचा, ते आता क्रमाने सांगतो. माझं एक ठाम मत संपूर्ण लेखभर दिसेल: मिश्र स्पर्धेत विजेता वेगावर ठरवू नये. कारण पुढे सांगेन.

आधी गट, मग बाकी सगळं

गट जातीवर पाडू नका. मारवाडी वेगळे, काठियावाडी वेगळे, नुकरा वेगळे, हे प्रदर्शनात ठीक आहे. उडीत घोड्याची जात उडी मारत नाही, त्याचं शिक्षण मारतं. म्हणून गट अडथळ्याच्या उंचीवर पाडावेत: ६० सेंटिमीटर, ८० सेंटिमीटर आणि १ मीटर. कोणत्या गटात उतरायचं हे स्वाराने ठरवावं, पण एक अट घाला. ८० आणि १ मीटरच्या गटात नाव देणाऱ्याने आदल्या दिवशी सरावाच्या मैदानावर त्याच उंचीचे दोन अडथळे पंचांसमोर शांतपणे ओलांडून दाखवावेत. जो घोडा तिथे अडतो, तो खालच्या गटात जाईल. यात अपमान काही नाही. रेवाल चालीच्या घोड्याला दुडकी आणि कँटर (दुडकीपेक्षा वेगवान, झेपेची चाल) नव्याने शिकवावे लागतात. एका बाजूचे दोन्ही पाय जोडीने टाकत येणाऱ्या घोड्याला उडीसाठी मागचे पाय पोटाखाली एकत्र घ्यायला जमत नाही. असा घोडा ६० च्या गटात दुडकीवरून स्वच्छ उडी मारायला शिकला, तर ते फार मोठं काम झालं.

चार वर्षांखालचा घोडा घेऊ नका. दात बघून वय सांगणारे जाणकार आपल्याकडे प्रत्येक गावात आहेत, त्यातल्या एकाला प्रवेशद्वारावर बसवा. घोडा बाहेरून भरलेला दिसला तरी पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला साधारण साडेपाच-सहा वर्षं लागतात. उडीतून उतरतानाचा धक्का त्याच पाठीवर आणि पुढच्या पायांवर येतो.

कागदपत्रांचं काम नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू करा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा अहवाल नसेल, तर घोड्याला मैदानाच्या आवारातही घेऊ नये. हा रोग घोड्यापासून माणसाला होतो, त्यावर लस नाही, आणि २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्यानुसार बाधित जनावर दयामरणाने संपवावं लागतं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल यायला वेळ लागतो. आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. त्याच कारणासाठी सामायिक हौदावर पाणी पाजायला मनाई करा. प्रत्येकाने आपली बादली आणावी. आणखी एक: २००१ च्या प्रदर्शन-प्राणी नोंदणी नियमांत प्रेक्षकांसमोर होणाऱ्या अश्वस्पर्धेचा उल्लेख आहे. तेव्हा परवानगीचं पशुसंवर्धन खात्याकडे लेखी विचारून घ्या.

मैदान

७० बाय ५० मीटर जागा असेल तर आठ अडथळे मोकळेपणाने बसतात. शेजारी सरावासाठी साधारण ४० बाय २० मीटर हवी.

आपली काळी जमीन इथे सर्वांत मोठा प्रश्न आहे. ओली असेल तर नाल ओढून घेते, सुकली की विटेसारखी कडक होते आणि भेगा पडतात. भेगेत खूर गेला की पाय मोडतो. नदीकाठची मळईची जमीन मिळाली तर उत्तम. तिच्यात थोडी रेती असते, ती धक्का झेलते आणि पाणी धरत नाही. बाजरी किंवा ज्वारी काढलेलं रान घेतलं तर धसकटं मुळासकट काढलीच पाहिजेत. वरून वखर फिरवून ती फक्त झाकली जातात आणि नंतर टापेत घुसतात. रोटाव्हेटर उथळ चालवा, धसकटं वेचा, पाणी मारा, एक दिवस जाऊ द्या, मग हलका रोलर. बोट दाबलं तर अर्ध्या पेरापर्यंत जावं, इतकी नरमाई पुरे. प्रत्येक गट संपला की उडीच्या आणि उतरण्याच्या जागा फावड्याने सपाट करा. तिसाव्या घोड्याला पहिल्या घोड्याइतकीच जमीन मिळाली पाहिजे. हा मुद्दा नियमाच्या कागदावर नसतो, पण न्यायाचा आहे.

डिसेंबरात सकाळचं ऊन तिरकं येतं. सकाळच्या गटात अडथळे असे लावा की घोड्याला सूर्याकडे तोंड करून उडी मारावी लागणार नाही. प्रेक्षकांची दोरी अडथळ्यांपासून किमान दहा मीटर लांब ठेवा. डीजे आणि फटाके बंद, निवेदकाचा आवाज फेरी चालू असताना बंद.

अडथळे कशाचे आणि किती अंतरावर

बांबू वापरू नका. हलका असल्याने वाऱ्यानेही पडतो, घोडा त्याला मान देत नाही, आणि चिरला की त्याची धार चाकूसारखी असते. पीव्हीसी पाइपही नको, तो तुटून टोकदार तुकडे होतात. सोललेल्या निलगिरीच्या बल्ल्या चांगल्या: साधारण १० सेंटिमीटर जाड, साडेतीन मीटर लांब, पॉलिश पेपरने घासलेल्या, दोन ठळक रंगांच्या पट्ट्यांत रंगवलेल्या. दांडी ज्यावर टेकते तो कप उथळ हवा. आंतरराष्ट्रीय नियमात कपाची खोली जेमतेम दोन सेंटिमीटरच्या आसपास असते. कारण सरळ आहे: पाय लागला की दांडी सुटली पाहिजे. वेल्डरकडून कप करून घेताना तो खोल वाटीसारखा होतो, तेव्हा समोर उभं राहून करून घ्या. खोल कपात अडकलेली दांडी घोड्याला पाडते. ज्या अडथळ्याला पुढे-मागे दोन दांड्या असतात, म्हणजे ऑक्सर, त्याच्या मागच्या दांडीला सेफ्टी कप लावावा. वजन पडलं की तो आपोआप सुटतो. तो मिळत नसेल तर ऑक्सर लावूच नका. फक्त उभे अडथळे ठेवा, स्पर्धा तरीही चांगली होते.

अडथळ्याखाली भरायला पऱ्हाटीचे भारे लावलेले मी पाहिले आहेत. दिसायला छान, पण पऱ्हाटीची टोकं डोळ्यात आणि पोटाला लागतात. रंगवलेली रिकामी पिंपं आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी पाचर मारली तर जास्त बरं. कडब्याच्या पेंढ्याही चालतात, पण नवखा घोडा तिथे खायला थांबतो आणि मग तो नकार धरायचा की नाही असा वाद उभा राहतो. नियमाने तो नकारच आहे.

प्रत्येक अडथळ्याला उजवीकडे लाल निशाण, डावीकडे पांढरं. घोडा दोन्हींच्या मधूनच गेला पाहिजे. सुरुवातीची आणि शेवटची रेषाही अशाच निशाणांनी दाखवायची. अडथळ्यांचे आकडे लांबून दिसतील एवढे मोठे लिहा.

आता अंतराकडे येतो, कारण मिश्र स्पर्धेत अन्याय सर्वांत जास्त इथे होतो. मोठ्या उडीच्या घोड्याची कँटरमधली एक झेप साधारण साडेतीन मीटरची. त्या हिशेबाने जोड-अडथळ्यात, म्हणजे एक-दोन झेपांच्या अंतरावर लागोपाठ लावलेल्या अडथळ्यांत, मध्ये एक झेप बसवायची असेल तर सव्वासात-साडेसात मीटर, दोन झेपा बसवायच्या असतील तर साडेदहा मीटरच्या आसपास अंतर ठेवतात. पण आपल्याकडे येणारे बरेचसे घोडे साडेचौदा-पंधरा हातांचे. एक हात म्हणजे चार इंच. त्यांची झेप आखूड, आणि ६०-७० सेंटिमीटरच्या उंचीवर ती आणखी आखूड होते. त्यांना साडेसहा ते सात मीटर बरं पडतं. म्हणजे एका घोड्याला सोयीचं अंतर दुसऱ्याला सापळा ठरतं.

उपाय असा. ६० आणि ८० च्या गटात जोड-अडथळा ठेवूच नका, आणि दोन सलग अडथळ्यांमध्ये २५ मीटरपेक्षा जास्त जागा सोडा. तेवढ्या जागेत प्रत्येक घोडा आपापल्या झेपेने स्वतःला सावरून घेतो. १ मीटरच्या गटात एक जोड ठेवा, दोन झेपांचा, दहा मीटरचा, आणि तो घराकडे म्हणजे बाहेरच्या दरवाजाकडे तोंड करून लावा. दरवाजाकडे जाताना आळशी घोडाही पुढे सरकतो. पहिला अडथळा सगळ्यांत सोपा ठेवा, गटाच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर कमी.

मार्गाचा नकाशा स्पर्धेच्या निदान अर्धा तास आधी लावा आणि सगळ्या स्वारांना मैदानातून पायी फिरू द्या. घोड्याला मात्र आधी अडथळा दाखवायचा नाही. फेरीआधी एखाद्याने घोडा नेऊन अडथळ्याला नाक लावू दिलं, तर तो बाद.

वेळ: वेगवान नको, नेमका हवा

मोजचाकाने मार्गाची लांबी मोजा, स्वार जसा वळेल तसं वळून. समजा ३२० मीटर आली. मिनिटाला ३०० मीटर हा वेग धरला तर लागणारी वेळ ६४ सेकंद. ही झाली मंजूर वेळ. तिच्या दुप्पट, १२८ सेकंद, ही कमाल मर्यादा. ती ओलांडली की बाद. मंजूर वेळेनंतर सुरू झालेल्या प्रत्येक सेकंदाला १ फॉल्ट. म्हणजे ६४.१ सेकंदालाही एक फॉल्ट आणि ६५.३ ला दोन.

बरोबरीत आलेल्यांचं काय करायचं? मोठ्या स्पर्धांत जंप-ऑफ घेतात: मार्ग लहान, अडथळे उंच, आणि जो कमी वेळेत येईल तो पुढे. जाणत्या घोड्यांसाठी ते ठीक आहे. आपल्या मिश्र गटात मात्र जंप-ऑफ म्हणजे भरधाव सोडलेला घोडा, ओढलेला लगाम आणि आडवी वळणं. टेंट पेगिंगचा घोडा सरळ रेषेत चौखूर सुटायला शिकलेला असतो, एंड्युरन्सचा घोडा लांब पल्ल्याला एक लय धरतो. दोघांना घड्याळाशी झुंजवलं की जिंकतो तो सर्वांत बेदरकार स्वार. असा स्वार सगळ्यांत चांगला असतोच असं नाही.

म्हणून मी आदर्श वेळेची पद्धत सुचवतो. त्याच ३२० मीटरसाठी मिनिटाला ३२५ मीटर वेगाने ५९ सेकंद होतात. ही आदर्श वेळ नकाशावर उघड लिहा. फॉल्ट समान असतील, तर ५९ च्या सर्वांत जवळ आलेला पुढे, मग तो आधी आलेला असो की नंतर. तीन घोडे निर्दोष आले: एक ५१.२ सेकंदात, दुसरा ५७.४, तिसरा ६०.१. फरक अनुक्रमे ७.८, १.६ आणि १.१. जिंकला तिसरा. वेगाच्या हिशेबात तोच शेवटचा असता. ही पद्धत एकदा सांगितली की स्वार आपोआप घोडा हातात ठेवून, लय मोजत फेरी करतात. रेवालवाल्यांना तर लयीचं महत्त्व वेगळं शिकवावं लागत नाही, पाठीवरचं पाणी सांडू न देणारी चाल हाच त्यांचा अभिमान असतो.

कोण कुठे बसेल

मुख्य पंचाची जागा अशी हवी की सगळे अडथळे दिसतील. ट्रॅक्टरची ट्रॉली पुरते, पण वर सावली करा, नाहीतर दुपारी नजर थकते. त्यांच्याजवळ घंटा, दोन वेळाधिकारी आणि एक लेखनिक. दोन्ही स्टॉपवॉच एकाच वेळी चालवा. अधिकृत घड्याळ कोणतं हे आधी जाहीर करा, दुसरं फक्त राखीव. दोघांची सरासरी काढत बसू नका. हाताच्या घड्याळात शतांश सेकंद खरे नसतात, दशांशापर्यंतच लिहा.

मैदानात चार माणसांची अरेना पार्टी हवी. पडलेली दांडी उचलणं आणि तुटकी बदलणं हे त्यांचं काम. आणि एक काम कधीच त्यांचं नाही: हात वर करून "फॉल्ट" सांगणं. निर्णय फक्त पंचांचा.

मुख्य पंच कोणत्याही स्पर्धकाचा नातेवाईक, त्याच्या घोड्याचा विकणारा किंवा त्याचा शिक्षक नसावा. छोट्या तालुक्यात हे अवघड जातं, मी जाणतो. मग शेजारच्या जिल्ह्यातला माणूस बोलवा. गाडीभाडं द्यावं लागेल, ते बक्षिसाच्या रकमेतून कापा.

फेरी चालू असताना

स्वार आत येतो, पंचांना सलाम करतो, घंटा होते. घंटेनंतर ४५ सेकंदांत सुरुवातीची रेषा ओलांडायची. घंटेआधी सुरू केलं तर बाद. नवख्यांच्या हे फार वेळा होतं, म्हणून दरवाजावरच्या माणसाने प्रत्येकाला ते तोंडी सांगावं.

दांडी पडली: ४ फॉल्ट. ऑक्सरच्या दोन्ही दांड्या पडल्या तरी तो एकच अडथळा, ४ च. खालची दांडी पडली, वरची राहिली: काही नाही. दांडी हलली, नाचली, पुन्हा कपात बसली: काही नाही. दांडीचं एक टोक कपातून सुटून खाली आलं आणि दुसरं अडकून राहिलं: ती पडलीच, ४. जोड-अडथळ्यात मात्र प्रत्येक भाग वेगळा मोजायचा, दोन्ही पाडले तर ८.

घोडा अडथळ्यासमोर थांबला, बाजूने बगल देऊन गेला, मध्येच गोल फिरला किंवा स्वत:च्या वाटेला छेद देऊन पुन्हा अडथळ्याकडे आला: हा नकार, ४ फॉल्ट. इथे तुमचा निर्णय महत्त्वाचा. आंतरराष्ट्रीय नियमात आता दुसऱ्या नकाराला बाद करतात. ६० आणि ८० च्या गटात मी तिसऱ्या नकाराला बाद करतो, पहिल्या दोन्हींना चार-चार. शिकणाऱ्या घोड्याने एकदा अडून मग उडी मारून बाहेर जावं, हे त्याच्या पुढच्या शिक्षणासाठी बरं. १ मीटरच्या गटात दुसऱ्यालाच बाद. काय ठेवाल ते ठेवा, पण कागदावर लिहा.

जोडाच्या दुसऱ्या भागापाशी घोडा अडला, तर पूर्ण जोड पहिल्यापासून पुन्हा घ्यावा लागतो. फक्त दुसरी उडी मारून पुढे गेला तर बाद.

आता जिथे पंच सर्वांत जास्त गोंधळतात ते. घोडा अडला आणि अडताना अडथळाही पाडला. ताबडतोब घंटा, घड्याळ बंद. नकाराचे ४ लिहायचे, दांडीचे वेगळे नाहीत. अरेना पार्टी अडथळा उभारते, तोवर स्वार थांबतो. पुन्हा घंटा झाल्यावरच त्याने सुरुवात करायची. तो आधीच निघून गेला तर बाद. त्या अडथळ्यावर घोड्याचे पाय जमिनीवरून सुटले की घड्याळ पुन्हा चालू, आणि एकूण वेळेत ६ सेकंद मिळवायचे. हे सहा सेकंद लेखनिक विसरतो. कागदावर त्यासाठी वेगळा रकाना छापा. घंटा वाजवणाऱ्याने आणि घड्याळवाल्याने याची आदल्या संध्याकाळी पाच-सहा वेळा प्रत्यक्ष तालीम करावी, दांडी हाताने पाडून.

स्वार किंवा घोडा पडला: बाद. पुन्हा चढून फेरी पूर्ण करायला देऊ नका, गर्दीने कितीही टाळ्या वाजवल्या तरी. डोक्याला मार लागलेला माणूस पहिली पाच मिनिटं ठीकच दिसतो. अडथळ्यांचा क्रम चुकला आणि पुढची उडी मारण्याआधी सुधारला नाही: बाद. सलग ४५ सेकंद घोडा अडून राहिला: बाद.

बाहेरून मदत मिळाली: बाद. आमच्याकडे याचा अर्थ समजावून सांगावा लागतो. मालक दोरीपाशी उभा राहून "डावीकडे, डावीकडे!" ओरडतो, ती मदतच आहे. त्याचा जीव त्या घोड्यात गुंतलेला असतो, हे मी समजू शकतो. म्हणून सगळ्या मालकांना स्पर्धेआधी एकत्र बोलावून सांगा: "फेरी सुरू व्हई गई की तोंड बंद." एकदा सांगितलं की ऐकतात.

लेखनिकाच्या कागदावर प्रत्येक अडथळ्याचा एक चौकोन. पडलं तर ४, अडला तर "अ", बाद झाला तर "बा" आणि शेजारी कारण. पेन्सिल नको, पेन. खोडायचं असेल तर रेघ मारून पंचांची सही.

काटेरी लगाम, चाबूक, फेटा

हा भाग माझ्यासाठी निकालाइतकाच महत्त्वाचा आहे. उडी मारताना घोडा मान लांब करतो. तोंडात काटेरी लगाम असेल आणि स्वाराचा हात मागे राहिला, तर काटे थेट जिभेत आणि जबड्यावर रुततात. एका-दोन उड्यांतच घोडा शिकतो की उडी म्हणजे वेदना, आणि अडायला लागतो. लोक त्याला हट्टी म्हणतात. काटेरी लगाम हा बेकायदेशीरही आहे: ओढकाम आणि ओझ्याच्या जनावरांच्या १९६५ च्या नियमांत काटे किंवा टोकं असलेला लगाम वापरायला स्पष्ट मनाई आहे. दरवाजावर प्रत्येक घोड्याचं तोंड बघा. साध्या जोडकडीच्या लगामांचे चार-पाच नग आयोजकांनी जवळ ठेवावेत आणि त्या दिवसापुरते द्यावेत. परत पाठवण्यापेक्षा ते बरं. दोन मालकांनी असा लगाम दिवसभर वापरून नंतर विकत घेतल्याचं मी पाहिलं आहे.

चाबूक ७५ सेंटिमीटरपेक्षा लांब नको. सलग तीनपेक्षा जास्त फटके मारले तर बाद. घोडा मैदानाबाहेर जाताना किंवा बाद झाल्यावर रागाने मारला तर एकही फटका जास्तच, त्या स्वाराची त्या दिवसाची सगळी नावं कापा. कुशीवर टाच लागून निघालेलं रक्त दिसलं: बाद. सरावाच्या मैदानावरही एक निरीक्षक हवा, कारण घोड्याने पाय उचलावेत म्हणून उडीच्या क्षणी दांडी वर करून नडगीवर मारण्याचा प्रकार तिथेच होतो. त्याला माफी नाही.

फेटा हा आपला मान आहे. तो बक्षीस घेताना बांधा. उडी मारताना तीन ठिकाणी जोडलेल्या पट्ट्यांचं, हनुवटीखाली बांधलेलं घोडेस्वारीचं हेल्मेट हवंच. मोटारसायकलचं चालणार नाही: ते जड असतं आणि बाजूचं दिसत नाही. पायात टाच असलेला बूट, म्हणजे रिकिबीत पाय अडकून स्वार फरफटत जाणार नाही.

पशुवैद्य मैदानावर हजर नसेल तर पहिली घंटा वाजवू नका. सकाळी प्रत्येक घोडा कडक जमिनीवर दुडकीने पळवून बघा. डोकं एका पायावर खालीवर होत असेल तर तो लंगडतो आहे. रुग्णवाहिका आणि आडोशाला दोन मोठ्या ताडपत्र्या, एवढं हाताशी हवं.

ज्यांना खरोखर मिश्र कसोटी घ्यायची आहे

१ मीटरच्या गटात एक पाऊल पुढे जाता येईल: सकाळी ड्रेसाजची (ठरलेल्या हालचाली शिस्तीत करून दाखवण्याची) छोटी चाचणी, दुपारी उडी आणि दोन्हींची बेरीज. इव्हेंटिंग या तीन चाचण्यांच्या प्रकारात हेच तत्त्व आहे, तिथे क्रॉस-कंट्रीही (मोकळ्या रानातले पक्के अडथळे) असते. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी याच प्रकारात सुवर्ण जिंकलं, आणि फवाद मिर्झा २०१८ च्या जकार्ता एशियाडच्या रौप्यापासून टोकियो ऑलिंपिकपर्यंत याच प्रकारात पोहोचले.

हिशेब सोपा आहे. ड्रेसाजची टक्केवारी १०० मधून वजा करा, उरले ते दंडगुण. ६४.५ टक्के मिळाले तर ३५.५. उडीत एक दांडी पडली, ४ मिळवा: ३९.५. दुसऱ्या स्वाराला ड्रेसाजमध्ये ५८ टक्के, म्हणजे ४२ दंडगुण, आणि उडी निर्दोष: ४२. कमी दंडगुण असलेला पहिला स्वार पुढे. इव्हेंटिंगच्या उडीत वेळेच्या प्रत्येक जादा सेकंदाला ०.४ दंडगुण धरतात. बेरजेच्या स्पर्धेत तुम्हीही तेच धरा, नाहीतर चार सेकंद उशीर एका दांडीइतका महाग पडतो.

चाचणीत साधी चाल, दुडकी, कँटर, २० मीटरचं वर्तुळ आणि सरळ थांबणं एवढंच असावं. शुद्ध रेवाल घोड्याला दुडकीचे गुण मिळणार नाहीत. हे मालकाला नाव देण्याआधीच सांगा, नंतर नाही.

शैलीचं बक्षीस ठेवायचं असेल तर फक्त ६० च्या गटात आणि निकालापासून पूर्ण वेगळं. दोन परीक्षक, प्रत्येकी दहापैकी गुण, स्वाराची बैठक आणि हाताचा हलकेपणा यांवर. घोड्याचं रूप, रंग, साज यांना शून्य. वरातीतला घोडा घेऊन आलेल्या एका पोराने गेल्या वर्षी अशा बक्षिसावर नाव कोरलं. उडीत दोन दांड्या पडल्या होत्या, पण हात शेवटपर्यंत घोड्याच्या मानेसोबत गेला.

निकाल आणि तक्रार

प्रत्येक फेरी संपली की फॉल्ट आणि वेळ लगेच ध्वनिक्षेपकावर सांगा आणि फळ्यावर लिहा. शंका त्याच क्षणी निघतात, संध्याकाळपर्यंत साठत नाहीत. गटाचा निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत लेखी तक्रार घ्या. कशावर तक्रार चालते तेही लिहा. बेरीज चुकली, सहा सेकंद मिळवायचे राहिले, नियम चुकीचा लावला: यावर चालते. दांडी पडली की नाही, घोडा अडला की नाही: जे पंचांनी डोळ्यांनी पाहिलं त्यावर चालत नाही. मोबाइलवरचं चित्रीकरण पुरावा म्हणून घेणार की नाही, हे आधी ठरवा. मी घेत नाही, कारण ते एकाच घोड्याचं असतं, सगळ्यांचं नसतं.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मारवाडी घोड्याच्या मालकाची तक्रार या दुसऱ्या नाही, पहिल्या प्रकारातली होती. दांडी कोणती पडली याबद्दल वाद नव्हता, नियम चुकला होता. तीस मिनिटांत, एका कागदावर, ती सुटली असती. आता प्रत्येक स्वाराला नाव नोंदवतानाच एक पानी नियम देतो, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि शेवटी त्याची सही घेतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना लेखनिक वाचून दाखवतो. नोंदणीच्या टेबलावर त्यामुळे एका नावाला दहा मिनिटं लागतात, म्हणून नोंदणी आदल्या दिवशी दुपारी चारला बंद करतो.